टोपलीतल्या लोंब्या

त्या माणसाच्या पाठीवर एक प्लग हलत होता.

विनोदिनी त्याच्या मागून चालत होती. मार्चमधले दिवस. चवदार तळ्यावर लांबलांबून माणसे आलेली, महाडचे रस्ते भरून गेलेले, गाड्या गावाबाहेरच थांबवलेल्या. त्या गर्दीत पुढे एक उंच माणूस डोक्यावर बांबूची टोपली घेऊन चालला होता. टोपलीत पेंढा होता, पेंढ्यात काहीतरी चौकोनी गोधडीत गुंडाळून ठेवले होते आणि त्यातून सुटलेली काळी वायर त्याच्या पाठीवर लोंबत होती. प्रत्येक पावलाला प्लग डावीकडे... उजवीकडे... डावीकडे.

बावीस वर्षे संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईला ते बघवेना. तिने दोन पावले झपाझप टाकली आणि प्लग हातात धरला.

"अहो, तुमची वायर लोंबतेय."

त्याला मान वळवता येत नव्हती. "मग धरा की जरा," तो म्हणाला. "माझे दोनी हात वर हायत."

तिने धरली. मग सोडायची कशी हे तिला कळेना. पुढे तो, मागे ती, मध्ये वायर, अशी दोघे तळ्याच्या कडेने चालू लागली. एका मांडवाशी पाणी वाटत होते. त्याला तहान लागली होती, म्हणून तिने टोपलीला एका बाजूने हात दिला आणि तो पाणी प्यायला. पिताना त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितले. उन्हाने रापलेला चेहरा, पन्नाशीला टेकलेला, आणि डोळे हसरे.

विनोदिनीबाईंचे दुकान कुठे, असे त्याने तिलाच विचारले. कॉम्प्युटर दाखवायचा होता. बाई फार कडक आहेत असे ऐकून होता.

"कोण म्हणतं?" तिने विचारले.

"सगळीच म्हणतात."

"मग खरंच असेल. चला, मी तिकडेच चाललेय."

दुकानाशी आल्यावर तिने पर्समधून किल्ली काढली आणि शटर वर केले. त्याने टोपली खाली ठेवली, किल्लीकडे बघितले, तिच्याकडे बघितले आणि कान खाजवला. मघाचे बोलणे मागे घेतो म्हणाला. ती म्हणाली, घेऊ नका, खरे आहे ते.

त्याचे नाव येसाजी. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्या रस्त्यावर एका फाट्यापासून आत त्याची वाडी. संगणक त्याच्या मुलीचा, निशिगंधाचा. ती पुण्याला इस्पितळात नर्स होती. कॉलेजात असताना घेतलेला हा संगणक तिने बापासाठी मागे ठेवला होता. हल्ली तो चालू केला की पडद्यावर इंग्रजीत एक सूचना यायची. येसाजीला इंग्रजी वाचता येत नव्हते. त्याने सूचनेचा फोटो मुलीला पाठवला. जुनी विंडोज आता चालणार नाही, नवी टाकून घ्या, असे तिने सांगितले.

"टाका नवी," तो म्हणाला. "पण आतलं काय हलवू नका."

विनोदिनीने त्याला नीट समजावले. नवी सिस्टीम घालताना संगणक विचारतो, आतले काय ठेवायचे? सगळे, फक्त तुमच्या स्वतःच्या फाइली, की काहीच नाही. आपण सगळे ठेवू. शिवाय मी आधी तुमच्या फोटोंची, कागदांची वेगळी नक्कल करते. पूर आला तेव्हा या दुकानात तिसऱ्या फळीपर्यंत पाणी होते, तेव्हापासून मी नक्कल केल्याशिवाय कशाला हात लावत नाही.

"एकसुद्धा फाइल जाणार नाही," ती म्हणाली. "माझा शब्द."

तो दोर आणायला बाजारात गेला. तिने काम सुरू केले. फोटोंचा फोल्डर जवळजवळ रिकामा होता, कागदही थोडे. नक्कल पाच मिनिटांत झाली. पण नव्या सिस्टीमला डिस्कवर जागा पुरेना. तिने नेहमी करते तेच केले. पडद्यावर कोपऱ्यात रिसायकल बिन असते, नको असलेल्या फाइली टाकायची टोपली. ती भरलेली होती. तिने ती रिकामी केली. दोन सेकंदांचे काम. कचऱ्याबद्दल गिऱ्हाइकाला कोण विचारतो?

पुढचे तीन तास पडद्यावर आकडा हळूहळू चढत राहिला. येसाजी दोराचे वेटोळे मांडीवर घेऊन समोर बसला. सतरा टक्क्यांवर त्याने भाकरीचे फडके सोडले आणि अर्धी भाकरी तिच्यापुढे धरली. तीस टक्क्यांवर सांगितले, की बायको, सरिता, चार वर्षांपूर्वी तापाने गेली. पन्नासवर त्याने विचारले, तुमच्या घरी कोण असते. कोणी नाही, ती म्हणाली. वडिलांच्या आजारपणात लग्न राहून गेले, मग राहूनच गेले. संगणक बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू झाला, तेव्हा तो दचकला. ती हसली. आपण दुकानात गिऱ्हाइकासमोर कधी हसतो का, हे तिला आठवेना.

संध्याकाळच्या एसटीने तो टोपली घेऊन गेला. वायर तिने स्वतः गुंडाळून बांधली होती.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. वाडीत रेंज नव्हती, म्हणून तो टेकाडावरच्या खडकावर चढून बोलत होता. आभार मानायला केला होता फोन. सगळे छान चालते, अक्षरे मोठी दिसतात, आईलासुद्धा चित्रे दिसतात.

"एकच इचारायचं होतं. टोपली एकदम साफ केलीत. आतलं कुठं ठेवलंत?"

विनोदिनीने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. टोपलीत काय होते, असे तिने जपून विचारले.

लोंब्या होत्या, तो म्हणाला. त्याच्या घरात भाताची बारा जुनी वाणे होती. मुनगा, पटणी, वरंगळ, तांबसाळ आणि अशीच आणखी. आता फार कोणी लावत नाही. कुठले वाण कुठले, हे लोंबीवरून ओळखायचे. म्हणून सरिता प्रत्येक वाणाची लोंबी तळहातावर धरायची आणि तो फोटो काढायचा. हात हेच माप. सहा वर्षांचे फोटो होते, चारशे बारा. त्यांच्या घरात सगळ्यात चांगले बियाणे शेणाने सारवलेल्या टोपलीत घालून चुलीच्या वर टांगतात. तिथे उंदीर येत नाही, कीड लागत नाही. पडद्यावर त्याला टोपली दिसली, म्हणून चांगले ते सगळे त्याने तिच्यात घातले. फोटो तिथे बारीक दिसायचे, पण त्याला ओळखू यायचे. मोठा बघायचा झाला तर एक बाहेर ओढायचा, बघायचा, परत आत ठेवायचा.

"तुम्ही बाईमाणूस," तो म्हणाला. "बियाण्याची टोपली रिकामी केली म्हंजे आतलं नीट जागी ठेवलं असणारच. म्हणून काळजी नाय. पण जागा सांगा."

"ठेवलंय," विनोदिनी म्हणाली. आणि लगेच, "मी येईपर्यंत मशीन मात्र चालू करू नका. अजिबात नको."

तिने फोन ठेवला. बावीस वर्षांत ती गिऱ्हाइकाशी पहिल्यांदाच खोटे बोलली होती.

शेजारी ललिताचे शिवणकामाचे दुकान होते. तिने विनोदिनीचा चेहरा बघून शिलाई थांबवली आणि सगळे काढून घेतले. डिस्क जुनी होती, तिनेच खाल्ले, असे सांगून टाक, ललिता म्हणाली. त्याला काय कळणार आहे? वर विचारले, दिसायला कसा आहे तो? विनोदिनी रागावून उठली, तेव्हा ललिताला उत्तर मिळाले.

रविवारी विनोदिनी पोलादपूरच्या गाडीत बसली. पुढे घाटाच्या गाडीने फाट्यावर उतरली आणि पाऊण तास चढून वाडीत पोहोचली. ओटीवर येसाजीची आई, प्रयागबाई, वाल सोलत होती. येसाजी गोठ्यातून आला आणि तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की तिला परत फिरावेसे वाटले.

पाणी प्यायच्या आधीच तिने सांगितले. टोपली ही टाकून द्यायच्या गोष्टींची असते. ती मी रिकामी केली. फोटो कुठेही ठेवलेले नाहीत. फोनवर मी खोटे बोलले.

प्रयागबाईने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हातारीच म्हणाली, "बियान्याच्या टोपलीत परक्यानं हात घालू नये गो बाय. आमच्यात पोर पन घालत नाय."

"तिला काय म्हाईत, आये," येसाजी म्हणाला. तो अंगणात गेला आणि पाठमोरा उभा राहिला. तिथूनच, अगदी खालच्या आवाजात बोलला.

"भिंतीवर तिचा फोटो हाय, लग्नातला. त्यात ती घाबरलेली हाय. तिचा हात... तो फकस्त त्या टोपलीत होता."

विनोदिनीला वाटले, यापेक्षा तो ओरडला असता तर बरे.

"फोनवरच सांगायचं," तो म्हणाला. "एवढं चालत कशाला आलात?"

"तुम्ही माझे आभार मानले होतेत," ती म्हणाली. "ते परत द्यायला आले."

तेव्हा तो वळला. तिच्या धुळीने भरलेल्या चपलांकडे बघितले. आत जाऊन कोकमाचे सरबत घेऊन आला आणि तिच्या हातात दिले.

"बघा मग," तो म्हणाला. "काय गावतं का."

डिस्कवरून पुसलेली गोष्ट लगेच नाहीशी होत नाही. तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती आत कुठेतरी असते. पण नवी सिस्टीम आली ती नेमकी त्याच जागेवर पसरली होती. विनोदिनीने संगणक त्याच टोपलीतून महाडला आणला, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि शोध सुरू केला. दिवसभर इतरांची कामे, बाजूला हा शोध. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी एक फोटो आला. वरचा अर्धा भाग स्वच्छ, खालचा सगळा राखाडी. लोंबी दिसत होती, हात नव्हता.

रोज सातच्या सुमाराला येसाजी खडकावर चढून फोन करी.

"आज?"

"तीन. एक पूर्ण, दोन अर्धे."

"कुठली?"

तिला नावे माहीत नव्हती. मग ती वर्णन करी. दाणा बारीक आहे, टोकाला लांब कुसळ आहे, कुसळ तांबूस आहे. तो ऐकून नाव सांगे. ती लिहून घेई. आठवडाभरात तिला मुनगा ओळखता येऊ लागला. एकदा तिने न विचारता सांगितले, आज पटणी मिळाली. पलीकडे तो हसला. म्हणाला, बाई, आमच्या बांधावर उभं करायला हरकत नाय तुम्हाला. ती म्हणाली, बुजगावणं म्हणून? तो म्हणाला, कडक माणूस पायजे तिथं, पाखरं भितात.

एका संध्याकाळी तिचा आवाज वेगळा होता.

"आज एक पूर्ण मिळाला. हातासकट."

पलीकडे फक्त वारा.

"हातात बांगड्या किती?" त्याने विचारले.

"हिरव्या तीन. आणि अंगठ्याजवळ भाजल्याची खूण आहे... जुनी."

"तोच," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने आणखी काही विचारले नाही. फोन मात्र ठेवला नाही. बराच वेळ दोघे तसेच होते, तो खडकावर, ती दुकानात, आणि मध्ये पडद्यावर एका बाईचा उघडा तळहात.

अठरा दिवसांनी विनोदिनीने शोध थांबवला. चारशे बारांपैकी अडतीस पूर्ण, एकसष्ट अर्धे. हात नऊ फोटोंत. तिने ते सगळे तीन ठिकाणी ठेवले आणि पडद्यावर साध्या पिवळ्या फोल्डरवर मराठीत लिहिले, 'बियाणे'. संगणक न्यायला आलेल्या येसाजीने दुकानातच ते नऊ फोटो एकेक करून मोठे बघितले. मग खिशातून रुमाल काढला आणि चष्मा नसताना चष्मा पुसल्यासारखे काहीतरी केले.

बारांपैकी सात वाणांची लोंबी एकाही फोटोत धड आली नव्हती. येसाजी ती डोळे मिटून ओळखायचा, पण त्याच्यामागे कोण ओळखणार? निशिगंधाला जमत नव्हते. विनोदिनी म्हणाली, यंदा बाराही नव्याने काढू. पेरणीपासून कापणीपर्यंत मी येत जाईन. कॅमेरा माझा.

"दुकान?" त्याने विचारले.

"रविवारी बंदच असतं."

"रविवारी काय करता एरवी?"

"कडक होते."

जूनपासून ती येऊ लागली. रोपे वर आली तेव्हा आली. लावणीला आली, आणि चिखलात एका पायाची चप्पल घालवून बसली. येसाजीने ती कोपरापर्यंत हात घालून शोधली. घाटात दरड आली म्हणून दोन रविवार रस्ता बंद होता. तिसऱ्या रविवारी ती आली तेव्हा तो फाट्यावर छत्री घेऊन उभा होता. गाडी दोन तास उशिरा आली होती. कधीपासून उभे आहात, तिने विचारले. आत्ताच आलो, तो म्हणाला. त्याचे दोन्ही खांदे भिजून गेले होते.

वाडीत तिला सगळे 'टोपलीवाली बाई' म्हणू लागले. प्रयागबाई तिला जेवायला वाढताना दर वेळी चुलीवरच्या टोपलीकडे बोट दाखवी आणि म्हणे, हात लावशील तर बघ. आणि मग हसून तिच्या भातावर आणखी तूप घाली.

निशिगंधा मात्र हसत नव्हती. आईचा हात पुसला गेला हे तिला बापाने सांगितले होते. त्यानंतर फोनवर ती विनोदिनीबद्दल चकार शब्द काढत नसे. येसाजी कधी नाव काढायचा, तर ती दुसरेच काही विचारायची. हे त्याने एकदा विनोदिनीला चालता चालता सांगितले. का सांगितले ते सांगितले नाही. तिनेही विचारले नाही. पण त्या दिवशी उतारावर त्याने पुढे केलेला हात तिने धरला नाही, आणि तो का धरला नाही हे दोघांनाही कळले.

गणपती झाले. भात निसवले, लोंब्या बाहेर पडल्या. एकेक वाण पिवळे पडू लागले, आणि विनोदिनी एकेक लोंबी खुडून फोटो काढू लागली. मापासाठी तिने स्टीलची पट्टी आणली होती. पांढऱ्या कागदावर लोंबी, शेजारी पट्टी. येसाजी बाजूला उभा राहून नाव सांगे, ती लिही. अकरा वाणे अशी झाली.

शेवटचे राहिले तांबसाळ. ते सगळ्यात उशिरा पिकते, वरच्या खाचरात. ऑक्टोबरमधले ऊन होते, साळीचा वास पसरला होता. येसाजीने लोंबी खुडली आणि हातातच ठेवली.

"पट्टी राहू द्या," तो म्हणाला.

"मग माप?"

त्याने लोंबी तिच्यापुढे धरली.

विनोदिनीने आपला हात बघितला. तारांनी कापलेला, बोटांवर जुने चट्टे, मनगट मोकळे.

"माझा हात सरिताताईंपेक्षा मोठा आहे," ती हळूच म्हणाली. "माप चुकेल."

"चुकू दे. तिचे नऊ हायत, ते हायतच. यंदापासनं नवं माप." मग थांबून, खाली बघत, "तुमची तयारी असंल तर... कायमचं."

वाऱ्याने साळ हलली. तिने कॅमेरा गळ्यातून काढून त्याच्या हातात दिला आणि तळहात उघडा केला. लोंबी तिच्या हातावर आडवी पडली, लालसर, जड. त्याने फोटो काढला. हलला. दुसरा काढला. तोही हलला.

"नीट धरा," ती म्हणाली.

"धरलाय की. हात हलतोय त्याला मी काय करू?"

"माझा नाही हलत."

"तुम्ही कडक हाव."

तिसरा बरा आला. घरी जाऊन त्याने तो संगणकावर घेतला, स्वतः 'बियाणे' उघडून आत ठेवला आणि कोपऱ्यातल्या टोपलीकडे बघून मान हलवली. मग तो फोटो फोनवर घेऊन खडकावर चढला आणि, काही न लिहिता, निशिगंधाला पाठवला. विनोदिनी खाली पायवाटेवर उभी होती.

फोन लगेच वाजला. त्याने कानाला लावला आणि तिकडचा प्रश्न ऐकला. नीट ऐकू न आल्यासारखा पुन्हा विचारायला लावला. मग तो खडकावरून उतरू लागला. अर्ध्या वाटेवर, जिथे अजून रेंज होती, तिथून त्याने फोन विनोदिनीकडे लांब केला. ती वर चढून आली.

"हात कुणाचा म्हणून इचारते," तो म्हणाला.

विनोदिनीने फोन घेतला.

"माझा," ती म्हणाली.

पलीकडे पुण्याच्या रस्त्याचा आवाज येत होता. कुणीतरी हॉर्न वाजवत होते. मग निशिगंधा बोलली, अगदी साध्या शब्दांत.

"आमच्या चुलीचा डावा दगड पुढे आलाय, मावशी. आईला तिथंच भाजलं होतं, मलापण. बाबांना कितीदा सांगितलं, सरळ करत नाहीत." थोडे थांबून ती म्हणाली, "हात जपा."

विनोदिनीने फोन परत दिला. येसाजी तिच्याकडे बघत होता. विचारायचा धीर त्याला होत नव्हता.

"चुलीचा दगड सरळ करायचाय," ती म्हणाली. "आजच."

तो हसला. मग त्याला काहीतरी आठवले.

"मार्चमधी तुम्ही माझे आभार परत आणून दिले होतेत," तो म्हणाला. "ते आता ठेवून घ्या."

"ठेवते," विनोदिनी म्हणाली. आणि उतारावर त्याने पुढे केलेला हात, या वेळी, तिने धरला.